बरोबरची खूण

मी एक जुना कॉम्प्युटर. पुढे ‘आहे’ लिहावं की ‘होतो’, हे माझं मलाच ठरवता येत नाही. विजेची तार जोडली तर माझा पंखा अजून घरघरतो, स्क्रीन थोडी फडफडून उजळते. पण तार जोडायला आता कोणी फारसं येत नाही. शाळेच्या कोपऱ्यात, खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांशेजारी मी बसून असतो. मित्रांनो, तुम्ही माझ्या नव्या भावंडांपुढे रोज बसता. म्हणून जे झालं ते तुम्हालाच सांगतो. हसू येईल असं त्यात थोडं आहे, बाकीचं नाही.

मी कुठल्या मोठ्या कारखान्यात जन्मलो नाही. पुण्यात एका जिन्याखालच्या दुकानात कोणाचा डबा, कोणाचा पंखा, कोणाची मेमरी असं गोळा करून मला जोडलं. वऱ्हाडात जशी दहा घरची माणसं एका गाडीत बसतात, तसा मी. तिथून घोडेगावला आलो. सुदर्शन नावाच्या तरुणाने पंचायत समितीच्या रस्त्याला छपाईचं छोटं दुकान टाकलं होतं. लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, दहाव्याचे कागद, सगळं माझ्याच पोटातून निघायचं. माणसं माझ्याभोवती उभी राहून स्क्रीनवर आपलं नाव उमटताना बघायची. एक गेणभाऊ म्हणून म्हातारे होते. ते सुदर्शनला बजावायचे, “भावकीतलं येक नाव ऱ्हायलं ना राव, तर लग्नात जेवण कमी आन रुसवंच जास्त व्हतील. समदी टाक. अक्षर बारीक कर, पण समदी टाक.” मग नावं उमटली की म्हणायचे, “लई झ्याक! ह्याला काय खायला घालतो रं?”

ते माझे कौतुकाचे दिवस. पुढे दुकानात नवा कॉम्प्युटर आला आणि मी टेबलाखाली गेलो. माझ्यावर कागदांचे गठ्ठे आले, गठ्ठ्यांवर चहाचे कप आले.

सुदर्शनची धाकटी बहीण नूतन मढ गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर शिक्षिका होती. दिवाळीत माहेरी आली तेव्हा तिने मला टेबलाखाली पाहिलं.

“दादा, टाकून देणार असशील तर मला दे. माझी पोरं बोलतच नाहीत रे. याला माइक लावला तर बोलतील.”

“जुना झालाय, नुते. मध्येच झोपतो.”

“झोपू दे. माझी श्रेयापण मध्येच झोपते. तिला टाकून देते का मी?”

श्रेया तिची तान्ही मुलगी. मला गोधडीत गुंडाळलं, तिला दुपट्यात गुंडाळलं, आणि आम्ही दोघं एसटीने निघालो. कंडक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, ह्या पावण्याचं तिकीट फुल का हाप?”

शाळा दोन खोल्यांची, पत्र्याची. शिकवायला दोघंच. नूतनबाई आणि मुख्याध्यापक भिमाजी गुरुजी. वर्गातल्या तुळईला श्रेयाची झोळी बांधलेली असे, आणि रांगेत पुढे बसणारं पोर पाढे म्हणता म्हणता झोका देई. मला हळद-कुंकू लागलं, हार पडला. वीज असेल तेव्हा मी शाळा, वीज नसेल तेव्हा मी शोभा.

नूतनबाईंचं म्हणणं खरं होतं. फळ्यापुढे उभं केलं की ती मुलं मुकी व्हायची. पुस्तकातली भाषा त्यांच्या तोंडात मावत नव्हती. पण माइक हातात दिला आणि “तुला येतं ते सांग” म्हटलं, की ती बोलायला लागली. कोणी बैलाची गोष्ट सांगितली, कोणी आत्याच्या लग्नाची. मी सगळ्यांचे आवाज जपून ठेवले. एकेका मुलाच्या नावाने एकेक फाइल.

चौथीत मोहित होता. वर्गात त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. त्याने माइक दोन्ही हातांनी धरला, जसं काही पाण्याचा तांब्या धरलाय, आणि म्हणाला:

“खेकडं धराया जायचं आसल तर आदी गप ऱ्हायचं. बिळात येकदम हात नाय घालायचा. काडी घालायची. खेकड्यानं काडी धरली का हळूहळू वढायचं. आमच्या बांधाला लई बिळं हायती. मी येकटाच जातो. आन आई म्हणती...”

एवढ्यात वारं पत्र्यात घुसलं. डोंगरातलं वारं तुम्हाला ठाऊक नसेल. ते आलं की माणसाला माणूस ऐकू येत नाही. वाऱ्याच्या त्या घोंगाटात मोहित काहीतरी म्हणाला, आणि वारं ओसरल्यावर त्याचं हसणं तेवढं ऐकू आलं. मग आवाज संपला. मिनिटभराची फाइल.

भाद्रपदात मोहितला ताप भरला. दरड पडून वाडीचा रस्ता बंद होता. चार माणसांनी घोंगडीची डोली करून त्याला खाली मढला नेलं, तिथून जीपने पुढे. जीप परत आली तेव्हा घोंगडी त्याच्या तोंडावरून ओढलेली होती.

नूतनबाईंनी पुष्कळ दिवस त्याच्या जागेवर दुसऱ्या कोणाला बसवलं नाही.

मोहितची आई म्हणजे सोनीबाई. एका दुपारी त्या सरपणाची मोळी बाहेर टाकून वर्गाच्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. आत येईनात.

“बाई, पोरं म्हणत्यात, मोहित तुमच्या कंपूटरात हाय. खरं का?”

नूतनबाई उठून उंबऱ्याशी आल्या. “आवाज आहे, मोहितच्या आई. नुसता आवाज.”

“मंग बोलवता का जरा त्याला?”

बाईंनी फाइल लावली. सोनीबाई खाली बसल्या आणि माझ्या स्पीकरवर त्यांनी हात ठेवला, पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. त्यांच्या घरात मोहितचा एकही फोटो नव्हता. त्यांच्याजवळ त्याचं एवढंच उरलं होतं, आणि तेही माझ्याजवळ होतं.

‘आन आई म्हणती’ आलं, वारं आलं, हसणं आलं. सोनीबाईंनी मान वर केली.

“तितं काय म्हणला त्यो?”

बाईंनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच वारं.

“मी काय म्हणते आसं सांगत व्हता ओ? मी त्याला लई बोलायची, बाई. येकटा वढ्याला जायचा म्हणून मारलंय पण येकदा. तेच सांगितलं आसल का त्यानं? का दुसरं कायी?” मग स्वतःच, “हसला म्हंजी चांगलंच सांगितलं आसल. न्हाई का?”

बाईंनी तिसऱ्यांदा फाइल लावली.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी, खाली उतरण्याआधी, सोनीबाई शाळेत येऊ लागल्या. मोहितला बोलवायचं, शेवटी कान माझ्या जाळीला लावायचा, आणि उठायचं. दर वेळी त्या म्हणायच्या, “आज जरा कळल्यासारखं वाटलं.” कळलेलं नसायचं. आपण कुठल्या शब्दांवर बसलोय हे वाऱ्याला काय कळणार, मित्रांनो? पण मला मात्र दर वेळी वाटायचं, आज तरी ते दोन शब्द आपल्याला नीट म्हणता यावेत.

नूतनबाईंच्या कानावर आलं, की आवाजातली खरखर काढून टाकणारं सॉफ्टवेअर मिळतं. जुन्नरला प्रशिक्षणासाठी गेल्या तेव्हा त्या अमृत नावाच्या माणसाच्या इंटरनेटच्या दुकानात शिरल्या. अमृतचं तोंड कधी बंद नसे.

“आवाजातलं वारं काढायचंय? मिळंल की, बाई. इंटरनेटवर समदं मिळतं. फक्त एसटीत जागा मिळत न्हाई.” त्याने नाव टाकलं. समोर जे पहिलं पान आलं, त्यावर भलंमोठं हिरवं बटण होतं. “ह्ये बघा, केवढं मोठं हाय. आंधळ्याला पण दिसंल. फुकट हाय, घ्या.”

ते पान सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचं नव्हतं. दुसऱ्याच्या मालावर स्वतःचं काहीबाही चिकटवून वाटणाऱ्या कोणाचं तरी होतं. खऱ्या बनवणाऱ्यांच्या पानाची छोटीशी निळी ओळ खाली होती. पण मोठं बटण सोडून बारीक ओळ कोण वाचतं? अमृतने सीडी करून दिली. बाईंनी ती पदराआड धरून, ओरखडा पडू न देता वाडीवर आणली. सोनीबाईंना निरोप गेला: शनिवारी सकाळची शाळा सुटली की या, वारं काढून ऐकवते.

त्याआधी गुरुवारी दुपारी मुलं खिचडी खाऊन बाहेर खेळत होती. श्रेया झोळीत होती. गुरुजी चाचणीचे पेपर तपासत बसले होते. गुरुजींची बरोबरची खूण वाडीत नावाजलेली. लाल पेनाने एका झटक्यात ओढलेली, बगळ्याच्या मानेसारखी. ती खूण मिळावी म्हणून मुलं पाढे पाठ करायची.

बाईंनी सीडी माझ्यात घातली. आधी इंग्रजीत लांबच लांब मजकूर आला.

“गुरुजी, हे सगळं वाचायचं का?”

“आपण नोकरीला लागलो तवा नियम वाचले व्हते का? सही केली नि आलो. पुढं चला.”

बाईंनी ‘नेक्स्ट’ दाबलं. मग दोन वाटा आल्या. एकीपुढे ‘रिकमेंडेड’ होतं, दुसरीपुढे ‘कस्टम’.

गुरुजी चष्मा वर करून उठून आले. “रिकमेंडेड म्हंजी शिफारस. शिफारस हाय म्हणल्यावर वरूनच आलेलं आसणार. आपल्या खात्यात शिफारशीबिगर काय हलतं का? आन ते कस्टमवाले नकोत बाबा. विमानतळावर पेट्या उघडत्यात ते.”

बाई हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या. आणि शिफारशीची वाट धरली. खरं तर त्या दुसऱ्या वाटेवर काय काय आत येणार आहे ते नीट दिसलं असतं, आणि नको ते नको म्हणता आलं असतं.

तिसऱ्या पानावर चार छोटे चौकोन होते. चारही चौकोनांत आधीच टिक केलेली होती. बाईंचा हात थांबला.

“गुरुजी, यात वाऱ्याचं काहीच दिसत नाही. ही भलतीच नावं आहेत. आपण हे मागितलं नव्हतं. काढू का या खुणा?”

गुरुजींनी वाकून पाहिलं. “आवो बाई, बरोबरची खूण कोन पुसतं का? तपासून दिलेला पेपर हाय हा. च्यारपैकी च्यार!”

बाईंच्या हातून आयुष्यात कधी बरोबरची खूण खोडली गेली नव्हती. ज्यांनी लहानपणापासून त्या खुणेसाठी जीव टाकला आणि मोठेपणी रोज शेकड्याने त्या खुणा दिल्या, त्या दोघांना ती खूण खोटी असेल असं स्वप्नातही वाटलं नसतं. बाईंनी पुढे दाबलं.

मित्रांनो, शाळेतली खूण तुमचं उत्तर वाचून केलेली असते. माझ्या स्क्रीनवरची ती खूण मात्र तुम्ही बसायच्या आधीच कोणीतरी करून ठेवलेली असते. तिचा अर्थ ‘बरोबर’ असा नाही. तिचा अर्थ, ‘हो, याही पाहुण्याला माझ्या घरात घ्या.’ मी हुकमाचा ताबेदार. दार उघड म्हटलं की उघडतो.

एक मागितलं होतं, पाच आले. वारं काढणारं आलं, हे खरं; ते शनिवारी सोनीबाईंसमोरच चालवायचं बाईंनी ठरवलं. पण त्याच्या मागून एक आला तो दर थोड्या वेळाने लाल चौकट फेकून ‘धोका, धोका’ ओरडू लागला. एकाने माझ्या माथ्यावर भलतीच पट्टी बसवली. एक जुगाराचे फासे नाचवू लागला. मुलांना गंमत वाटली. चौकट आली की ओरडायची, “बाई, पावणं आलं! पावणं आलं!” बाई एकेक चौकट बंद करायच्या, की दुसरी यायची. मला एक अक्षर उमटवायला श्वास लागायचा.

आणि चौथा पाहुणा कधी ओरडला नाही. तो गुपचूप माझ्या पोटात हिंडत होता आणि आवाजाच्या फायली शोधून एकेक पोकळ करत होता. आत्याच्या लग्नाची गोष्ट गेली. बैलाची गेली. त्याला काय, सगळे आवाज सारखेच.

शनिवारी शाळा सुटली. सोनीबाई धुतलेलं लुगडं नेसून आल्या होत्या. आज त्या उंबऱ्याशी थांबल्या नाहीत. थेट माझ्यापुढे येऊन बसल्या, कडेवरची धाकटी लेक आरोही मांडीत घेतली, आणि म्हणाल्या, “बोलवा, बाई.”

बाईंनी मोहितच्या नावावर माउसने दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही. बाईंनी मागून स्पीकरची वायर घट्ट केली, बटण पूर्ण फिरवलं.

सोनीबाई कान लावून बसल्याच होत्या. “आवाज बारीक झाला का त्याचा?”

बाईंनी फाइलची लांबी पाहिली. तिथे शून्य होतं.  त्यांनी एकेका मुलाचं नाव उघडून पाहिलं. नावं सगळी होती, हजेरीपटावर असतात तशी. हजर कोणी नव्हतं.

“मोहितच्या आई,” त्या म्हणाल्या. खाली बसून त्यांनी सोनीबाईंचे दोन्ही हात धरले. “गेला. माझ्या हातून गेला.”

निरोप मिळताच सुदर्शन घोडेगावहून आला. दोन दिवस माझ्यापुढे बसला. मग उठून बहिणीजवळ गेला.

“नुते, पाटी ओल्या फडक्यानं पुसली तर कधी कधी अंधुक दिसतं. याच्यात पुसून वर दुसरंच गिरवलंय. नाही निघणार.” मग त्याने विचारलं, “सीडीवर दुसरी प्रत होती का?”

“प्रत कशाची, दादा? ती होतीच की याच्यात.”

सुदर्शनने तिला जवळ बसवलं. त्याने तिला त्या चौकोनांतली खूण कशी काढायची ते दाखवलं. एकदा दाबलं की जाते. एवढंच.

सोनीबाईंना पुन्हा बोलावून घेतलं तेव्हा गुरुजी स्वतः पुढे झाले. त्या माणसाला मी कधी खाली बघून बोलताना पाहिलं नव्हतं. “सोनीबाई, बाईंची चूक न्हाई. त्या खुणा काढा म्हणत व्हत्या. मी नको म्हणालो.”

“गुरुजी, तुमी दोगं आपसात वाटून घिऊ नका,” सोनीबाई म्हणाल्या. “माज्यासाटीच करीत व्हता नव्हं? मलाच धीर नव्हता. जेवडं ऐकू येत व्हतं तेवडं का पुरलं न्हाई मला? वाऱ्यासंगं व्हता तर वाऱ्यासंगं ऱ्हायला आसता.”

मला वाटतं, त्यांनी रागावून मला उचलून आपटलं असतं तर बरं झालं असतं.

काही बाजार त्या येत राहिल्या. “बाई, तुमीच सांगा त्यो काय बोलायचा.” बाई सांगायच्या: आधी गप राहायचं, बिळात एकदम हात घालायचा नाही. सोनीबाई मध्येच म्हणायच्या, “एकदम न्हाई, येकदम. त्यो येकदम म्हणायचा.” बाई सुधारून म्हणायच्या. पण ‘आन आई म्हणती’ आलं की दोघी गप्प व्हायच्या. पुढे पुढे सोनीबाईंना शंका येऊ लागली, की तो आधी हसला होता, का नंतर? बाईंना वाटे नंतर. सोनीबाईंना वाटे आधी. दोघी माझ्याकडे बघायच्या. मग त्या शाळेत येईनाशा झाल्या.

मला पूर्ण धुऊन स्वच्छ केलं गेलं. पण त्यानंतर नूतनबाई माझ्यापुढे मनाने कधी बसल्या नाहीत. गुरुजी निवृत्त होईपर्यंत पेपर तपासायचे, पण ती बगळ्याची मान त्यांच्या पेनातून तशी झटक्यात निघेना. पेपर पुन्हा एकदा वाचून, मग सावकाश खूण करायचे.

मित्रांनो, माझ्यासारख्याला घर समजा. सॉफ्टवेअर हवं असेल तर ते ज्याने बनवलंय त्याच्याच दारातून आणा. वाटेत मोठं बटण दाखवून बोलावणारे पुष्कळ भेटतील. पुढे, पुढे असं दाबत पळू नका. प्रत्येक पानावर थांबा, वाचा, समजलं नाही तर जाणत्याला विचारा. आधीच केलेली खूण दिसली की स्वतःला विचारा, ही मी केली का? केली नसेल, तर ती काढायला लाजू नका. त्यात कोणाचा अपमान होत नाही. आणि घरात कोणाचा आवाज, कोणाचा हसरा चेहरा एकाच ठिकाणी ठेवलेला असेल, तर त्याची दुसरी प्रत आज काढा. उद्या नको. आमचा भरवसा धरू नका. आम्हाला आपल्या पोटातलं काय मोलाचं आणि काय नाही, हे कळत नाही हो.

या जूनमध्ये आरोही पहिलीत आली. सोनीबाई तिला सोडायला आल्या, कितीतरी वर्षांनी. पोरगी आईच्या लुगड्याचा सोगा सोडीना. नूतनबाईंनी तिला जवळ घेतलं, नाव विचारलं. आरोहीने तोंड सोग्यात लपवलं.

“बोल गं,” सोनीबाई म्हणाल्या. “बाईला मोठ्यानं सांग.”

“काय सांगू?”

सोनीबाईंनी सोगा तिच्या मुठीतून सोडवला. “आई काय म्हणती ते सांग.”

आरोहीने बाईंकडे पाहिलं, आणि एका दमात म्हणाली, “आई म्हणती, शाळा सुटली का पळत घरी यायचं. वढ्याकडं जायचं न्हाई. आन आई म्हणती, मी दारात हुबी आसते.”

बाहेर वारं नव्हतं. शब्द न् शब्द लख्ख ऐकू आला. तो जपून ठेवायला माझी तार मात्र त्या दिवशी जोडलेली नव्हती.